जळगावला चक्करची टेस्ट केली, आईचा अनुभव

घरात कुणाला कूस बदलली की सगळं गरगर फिरतं असं होत असेल तर हे वाचा. आईला तसंच व्हायचं. चोपड्याला मानेचा एक्सरे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, पट्टा दिला, चक्करच्या गोळ्या चालूच, कानाकडे कुणी बघितलंच नाही. मग जळगावच्या एका कान-नाक-घसावाल्यांकडे नेलं, तिथे व्हीएनजी मशीन आहे (चक्कर येताना डोळे कसे हलतात ते कॅमेऱ्याने टिपणारं).

आवडलं ते हे की लगेच मशीनला बसवलं नाही. ऑडिओलॉजिस्ट ताईंनी आधी निवांत विचारलं, चक्कर सेकंदभर राहते का तासभर, कानात आवाज येतो का, ऐकू कसं येतं. आई अहिराणीत सांगत होती "घर फिरी ऱ्हायनं", ताईंना सगळं समजत होतं म्हणून आई मोकळी बोलली. मग कॅमेऱ्याचा गॉगल लावला, मान उजवीकडे वळवून झटकन आडवं केलं (डिक्स-हॉलपाइक म्हणतात याला) आणि स्क्रीनवर आईचे डोळे आपोआप उडायला लागले, मी स्वतः बघितलं, थोड्या वेळात थांबले पण. कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून नळीत गेलेत, बीपीपीव्ही आहे म्हणाले, आणि तिथंच मान फिरवत फिरवत एप्ली (ते कण परत जागेवर नेायची पद्धत) करून घेतलं. आईला त्या रात्री कूस बदलता आली हो!

ऐकू पण कमी येतं म्हणून कॅलोरिक टेस्ट सांगितली होती, कानात 30 आणि 44 डिग्रीचं पाणी सोडतात, म्हणजे अंगापेक्षा 7 डिग्री गार आणि 7 डिग्री गरम, त्याने मुद्दाम चक्कर आणून दोन्ही कान सारखं काम करतात का ते बघतात. ती त्या दिवशी झालीच नाही. चक्करच्या गोळ्यांनी कानाचा रिस्पॉन्स दबतो, साधारण 48 तास आधी बंद लागतात, आणि नंबर लावताना फोनवर हे कुणी सांगितलंच नाही. म्हाताऱ्या माणसाला एसटीने परत आणायचं म्हणजे काय असतं ते त्यांना कळायला पाहिजे. दुसरं, दवाखाना वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, चक्करच्या पेशंटला जिना चढवायचा?

जाणार असाल तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारा, बीपी-शुगरच्या मनाने बंद करू नका. पोटभर जेवून जाऊ नका, काजळ लावू नका, कॅमेऱ्याला बुबुळ नीट दिसत नाही, आणि सोबत धरायला माणूस पाहिजेच.