घाटवाटेसाठी गाडी: अश्वशक्ती की भरवसा?

पुण्याहून ताम्हिणी घाटात किंवा वेल्ह्याच्या कच्च्या वाटांवर वर्षभर फिरणाऱ्याने गाडी घेताना आधी अश्वशक्ती पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. महिंद्राच्या बोलेरोचे दीड लिटरचे डिझेल इंजिन सुमारे 75 अश्वशक्तीचे आहे, तर थारचे 2.2 लिटरचे सुमारे 130. महामार्गावर ओव्हरटेक करताना हा फरक लगेच जाणवतो, हे मान्यच. पण अश्वशक्ती हा टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) आणि इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा गुणाकार असल्याने तिचा मोठा आकडा वरच्या फेऱ्यांवर मिळतो, आणि खताची पोती लादून चढ चढताना कमी फेऱ्यांवरचा टॉर्कच कामी येतो. बोलेरोचा 210 न्यूटन-मीटर टॉर्क 1600 फेऱ्यांपासूनच हाताशी असतो. खोल चिखलात थारच सरस ठरते, मात्र ते श्रेय फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना मिळणारी ताकद) आणि कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या लो-रेंज गिअरचे आहे.

आणि ताकदीपेक्षा भरवसा का मोठा, हे मी अनुभवले आहे. गेल्या आषाढात माझ्या जुन्या, चांगल्या ताकदीच्या गाडीचा टर्बोचा (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) होज घाटात फाटला. पौडच्या गॅरेजवाल्याने तो तेलकट, उभा चिरलेला रबरी पाइप हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, हा माल पुण्यालाच मिळेल, तोही मागवावा लागेल.” भर पावसात गाडी तिथेच चार दिवस उभी राहिली.