गल्लीत बसायला: घडीची टेबलं की भिंतीचं बाकडं?

गल्लीत गाड्या बंद झाल्या की दुकानदाराला पहिली खाज सुटते ती बाहेर गिऱ्हाईक बसवायची. मलाही सुटली होती. संभाजीनगरात जुन्या शहराच्या बाजूला माझं मिसळ-चहाचं छोटं दुकान आहे. दीड वर्ष घडीची टेबलं-खुर्च्या वापरल्या, आता भिंतीला बाकडं आहे. म्हणून विचारणाऱ्यांना दोन्हीबद्दल सांगू शकतो.

टेबलाचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. चौघं समोरासमोर बसली की गप्पा रंगतात आणि एक प्लेट जास्त जाते. रात्री घडी घालून आत टाकलं की गल्ली मोकळी. बाकड्यावर माणसं एसटी स्टँडवर बसल्यासारखी ओळीनं बसतात, मधल्याची मान दोन्हीकडे वळून दुखते. गल्ल्याच्या हिशेबानं टेबल किंचित पुढेच असेल.

तरी मी ती काढली. का? हलतात म्हणून.

गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकना पाणी वाहून जायला नालीकडे उतार असतो, त्यात एखादा ब्लॉक दबलेला. चार पायांचं टेबल तिथं कधीच नीट टेकत नाही. दिवसातून वीसदा हाक यायची, "चाचा, टेबल हिलरा!" पोऱ्याच्या खिशात बिस्किटाच्या खोक्याचे तुकडे कायम. पायाखाली घडी सरकवली की पाच मिनिटं शांतता, मग कुणी टेबल सावलीत ओढलं की पुन्हा पहिल्यापासून. सुताराला सांगून चढाकडचे दोन पाय बोटभर कापून घेतले. दुसऱ्या दिवशी पोऱ्यानं टेबलं उलटी मांडली, म्हणजे उतार दुप्पट! मिसळीचा कट एका कडेला, फरसाण दुसऱ्या कडेला कोरडं. तीन पायांचंही आणून पाहिलं. ते डुगडुगत नाही, हे कबूल; पण तिरकं ते तिरकंच, चहाचा ग्लास हळूहळू नालीकडे चालू लागतो.

बाकडं सुतारानं पाणसळ लावून माझ्याच भिंतीत ब्रॅकेटवर ठोकलं. दोन माणसांच्या मध्ये वीतभर फळी, त्यावर ग्लास. मिसळ मात्र ताटात घेऊन मांडीवर धरावी लागते, आणि पांढरा पायजमा घालून आलेले त्यावर नाराज असतात. पण जमिनीशी भांडण संपलं.

जागेचंही बघा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत चालणाऱ्यांसाठी किमान 1.8 मीटर मोकळी वाट धरली आहे, म्हणजे साधारण सहा फूट. टेबल मांडताना ती सुटते हो, पण जेवण झाल्यावर माणूस खुर्ची मागे रेटून पाय पसरतो, तेव्हा कुठली सुटायला! बाकडं जागचं हलत नाही. परवानगीचं आधी महापालिकेत विचारून घ्या. 2014 चा फेरीवाल्यांचा कायदा हातगाडीवाले, पथारीवाले अशांसाठी आहे, पक्क्या दुकानानं बाहेर मांडलेल्या खुर्च्यांसाठी नाही.

सावलीला मी 75 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधली. छत्री दिसते छान, पण मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात माझी एक समोरच्या ज्वेलरच्या पाटीवर जाऊन बसली होती.

तुमच्या गल्लीत सपाट शहाबादी फरशी असेल, किंवा संध्याकाळी कुटुंबं जास्त येत असतील, तर टेबलंच बरी पडतील, मी हट्ट धरणार नाही. पण घेण्याआधी एक टेबल उसनं आणून जागेवर ठेवा, काठोकाठ भरलेला चहा त्यावर ठेवा आणि कोपरा दाबून बघा.

हातवाल्या दोन खुर्च्या मीही ठेवल्यात. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना बाकड्यावरून उठता येत नाही. त्या उंबऱ्याच्या आत असतात, तिथली फरशी सपाट आहे.