इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला ओट्याचा जॉइंट करून घेताना आम्ही फसलो, प्लीज वाचा

गेल्या वर्षी इथे घर घेतलं, किचन जुनाट होतं म्हणून एल आकाराचा नवीन ओटा बसवायचं ठरलं. आपल्याकडे ग्रॅनाइट नाहीतर कडाप्पा असतो, बादलीभर पाणी ओतून धुतला तरी चालतो. इकडे बऱ्याच घरांत लॅमिनेटचा असतो, म्हणजे ३८ मिमी जाड चिपबोर्ड, लाकडाचा चुरा दाबून केलेला, आणि वर पातळ कडक लॅमिनेट. वरून पाणी सांडलं तर काही होत नाही पण कापलेल्या कडेतून आत गेलं की चुरा फुगतो आणि मग वाळला तरी परत पहिल्यासारखा बसत नाही. त्यामुळे कोपऱ्यात दोन तुकडे जोडतात तो जॉइंटच सगळ्यात नाजूक, आणि हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

ओळखीतून एक फिटर मिळाला. आपलाच माणूस, मराठी बोलणारा, पहिल्या फोनपासून वहिनी वहिनी. मजुरी ३५० पाउंड, सगळी कॅश, २०० आधी. बिल मागितलं तर म्हणाला बिल केलं की रेट वाढेल. लाकूड कापायच्या राउटर मशीनने माइटर जॉइंट (कोपऱ्याचा जोड) कापणार, खालून तीन बोल्ट, दोन्ही कडांना कलरफिल म्हणजे फट सील करायची रंगीत पेस्ट, "वहिनी, वीस वर्षं बघायला नको." परक्या देशात कोणी असं आपल्या भाषेत बोललं की विश्वास बसतोच हो.

कामाच्या दिवशी म्हणाला राउटरची धूळ फार उडते, मुलाला घेऊन बाहेर जा. धूळ उडते हे खरंच आहे, पण दोन-तीन तासांनी आलो तोवर जॉइंट बंद झालेला, वरून केसाएवढी रेघ, इतकं छान दिसत होतं की उरलेले १५० तिथेच दिले.

अडीच महिन्यांनी सासूबाई साताऱ्याहून आल्या. ओटा पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथे हाताला काहीतरी लागतंय बघ." बोट फिरवलं तर रेघेच्या दोन्ही बाजूंना उंचवटा, नळाकडे जास्त. त्या रात्री कोपऱ्यातल्या कपाटातली सगळी भांडी काढली, आत आडवी झाले आणि मोबाईलचा टॉर्च वर मारला. बोल्टसाठी तीन खाचा कापलेल्या होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या. तिसरीत बोल्ट होता पण नट नुसत्या बोटाने फिरत होता. फटीत नख घातलं तर सुका भुसा पडला, म्हणजे आत कलरफिल नाही, सिलिकॉन नाही, काहीच नाही, फक्त वरून रंग जुळवून फट बुजवलेली. मला तिथेच रडू आलं.

फोन केला तर आधी म्हणे तुम्ही पाणी जास्त सांडता, नंतर नंबर ब्लॉक.

मग कायदा वाचला. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अॅक्टप्रमाणे काम नीट झालं नसेल तर परत करून मागता येतं नाहीतर पैसे कमी करून घेता येतात, आणि इंग्लंडमध्ये १०,००० पाउंडपर्यंत कोर्टात स्मॉल क्लेम, म्हणजे छोट्या रकमेचा दावा, करता येतो. पण क्लेम करायला समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो, आमच्याकडे फक्त मोबाईल नंबर! मजुरी १०० पाउंडच्या वर होती, क्रेडिट कार्डने दिली असती तर कार्ड कंपनीकडेही मागता आली असती, १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या सेक्शन ७५ खाली. कॅश दिल्यामुळे तोही रस्ता बंद. बिल नको, कॅश द्या, याचा अर्थ मला तेव्हा कळला.

दुसरा कारपेंटर आला, त्याने बघितल्या बघितल्या सांगितलं फुगलेला जॉइंट दुरुस्त होत नाही, दोन्ही तुकडे नवीन घ्या. यावेळी मी मास्क लावून शेजारी उभी राहिले. त्याने आधी तुकडे कोरडेच जोडून बघितले, मग उघडून दोन्ही कडांना कलरफिल लावलं, खालून तिन्ही बोल्ट पान्याने आवळले आणि आवळताना वर रेघेतून जी पेस्ट बाहेर आली ती सुकायच्या आत पटापट पुसली. सिंकसाठी कापलेली कडसुद्धा सील केली, पहिल्याने तीही कोरडीच ठेवली होती. मी खालून फोटो काढले, बिल घेतलं, मग कार्डने पैसे दिले.

तो पहिला माणूस अजून इथे कामं घेतोय, परवाच एका मैत्रिणीने त्याचाच नंबर मला पाठवून विचारलं, कसा आहे गं हा. तुमच्याकडे असा जॉइंट नुकताच झाला असेल तर आजच कपाट रिकामं करून खालून टॉर्च मारा.