चपलेचं खोकं, जुन्या लग्नपत्रिका आणि सात महिन्यांची इंग्रजी

बँकेच्या परीक्षेसाठी शब्दांची वही मी दोनदा भरली आणि दोन्ही वेळा विसरलो. दिवाळीनंतर लाइटनरची पेटी सुरू केली. सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं 1972 मध्ये मांडलेली पद्धत. खोक्यात पाच कप्पे. शब्द आठवला की त्याचं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पाचवा महिन्यातून एकदा. अँड्रॉइड फोनवर याच धर्तीचं अँकी नावाचं अ‍ॅप फुकट मिळतं, पण फोन हाती घेतला की माझं रील्स सुरू होतं.

कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची केली. चकचकीत पत्रिका घेऊ नका, बॉलपेन घसरतो. गणपतीचा भाग आईनं कापूच दिला नाही. "पत्रिका फाडून काय करून राह्यला बे?" हे महिनाभर ऐकलं.

सुरुवातीला रोज 20 नवे शब्द घेतले, ती चूक. आठवड्यात पहिला कप्पा तुंबला. कापूस वेचणीत तर हात लावायला वेळ नव्हता. आता रोज सहाच.

खरा फरक पडला तो मुळं धरल्यावर. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातला 'जिन' म्हणजे 'एंजिन'चंच मुंडकं उडवलेलं रूप, आणि एंजिन आलं लॅटिन 'इंजेनियम'वरून, म्हणजे उपजत बुद्धी. त्याच घरातला 'इंजीनियस', कल्पक. वाचताना हा शब्द मी पुन्हा विसरलो नाही.

पण नुसता मराठी अर्थ लिहिलेली कार्डं दगा देतात. क्लासमध्ये बाबांबद्दल बोलायचं होतं. जुन्या सायकलच्या चाकावर त्यांनी स्वतः डवरा, म्हणजे कोळपणीचं अवजार, बसवलाय, म्हणून कल्पक म्हणायला गेलो आणि तोंडातून निघालं 'इंजेन्युअस'. त्याचा अर्थ भोळा. सर हसून म्हणाले, "कापसाचा भाव पाहता तेही बरोबरच आहे." मला काही हसू आलं नाही. त्या रात्री दीडशे कार्डं पुन्हा लिहायला काढली, प्रत्येकावर घरातलं, शेतातलं एक वाक्य. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी आजी, 'मायझर्ली' म्हणजे गावातला एक कंजूष सावकार. नाव कार्डावरही लिहिलं नाही.

वाचताना अडखळणं बरंच कमी झालं. बोलताना मात्र पेटीतला शब्द वेळेवर येत नाही, त्याला माणूसच लागतो समोर. खर्च रिफिलींचे 20 रुपये. पावसाळ्यात खोकं फळीवर ठेवा, माझ्या तिसऱ्या कप्प्याला ओल धरली.

'इंजेन्युअस' अजून पहिल्याच कप्प्यात आहे.