बे ११-७०८२, १० मिलिग्रॅमची बाटली - तीन महिने वापरून सांगतेय

बे ११-७०८२ म्हणजे लॅबमध्ये पेशींतली सूज सुरू करणारे संदेश अडवायला वापरतात ते रसायन. सोलापुरात हे मागवायचं म्हणजे पहिलं टेन्शन वाटेचंच. आमची बाटली एप्रिलात आली, बाहेर ४२ डिग्री, आइसपॅकचं पार पाणी झालेलं आणि कुरियरवाला डबा वॉचमनकडं ठेवून गेला, साधा फोनपण नाही. सप्लायरनं फोटो बघून लगेच दुसरी बाटली दिली, ते मात्र मनापासून आवडलं.

बाटली रिकामीच वाटते, घाबरू नका, पावडर झाकणाला चिकटलेली असते. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, मग बाटलीतच ४.८ मिली डीएमएसओ (पावडर विरघळवायचं द्रव) घाला, १० मिलिमोलर स्टॉक तयार. थोडं थोडं वेगळं भरून उणे २० ला ठेवा, सारखं वितळवून गोठवू नका.

आता मुद्द्याचं. आम्ही नाळेच्या रक्तवाहिनीतल्या पेशी वाढवतो. त्यांच्यावर टीएनएफ-अल्फा (सुजेचा निरोप देणारं प्रथिन) घातलं की एनएफ-कप्पा-बी (सुजेची जनुकं चालू करणारं प्रथिन) जागं होतं आणि पेशींच्या अंगावर ई-सिलेक्टिन, व्हीकॅम-१, आयकॅम-१ ही चिकटवणारी प्रथिनं उगवतात, मग पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात, सूज सुरू होते ती इथनं. नुसत्या टीएनएफच्या प्लेटमध्ये मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बाजरीच्या भाकरीवर तीळ थापल्यासारखे मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) चिकटलेले, आणि बे तासभर आधी घातलेल्या प्लेटमध्ये धुतल्यावर कुठंतरी चार-दोन. मी दोनदा लेबल तपासलं, खरंच! ई-सिलेक्टिन ४ तासांनी मोजलं, तेही छान खाली आलेलं. ५ मायक्रोमोलरला थोडा फरक, १० ला मस्त, पण २० ला आमच्या पेशी गोल होऊन तरंगायला लागल्या, त्यामुळं पेशी जिवंत आहेत का ते आधी बघा, मेलेल्या पेशीवर ई-सिलेक्टिन कमी दिसणारच की.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. १९९७ साली हे आलं तेव्हा आयकप्पाबी-अल्फाचं (एनएफ-कप्पा-बीला बांधून ठेवणारं प्रथिन) फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्याला फॉस्फेट लागणं, अडवणारं म्हणून आलं, आणि अजून कितीतरी जण तेवढंच धरून चालतात. पण हे प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचं चिकटणारं रसायन आहे, धुतलं तरी सुटत नाही, आणि २०१३ मध्ये दिसलं की ते युबीसी१३ सारखे युबिक्विटिन (प्रथिनांना लागणारी छोटी खूण) जोडणारे एन्झाइमपण बंद पाडतं; एनएलआरपी३ (सूज पेटवणारं आणखी एक प्रथिन) पण अडवतं, हे तर २०१० मध्येच दिसलेलं. म्हणजे पांढऱ्या पेशींचं चिकटणं थांबलं यावरनं "एनएफ-कप्पा-बीचाच हात सिद्ध झाला" असं थिसिसमध्ये लिहू नका, पोरांनो. सोबत वेगळ्या जातीचं आयकेके इनहिबिटर (आयकप्पाबीला फॉस्फेट लावणारं एन्झाइम अडवणारं रसायन) लावा, जमलं तर पी६५ चं (एनएफ-कप्पा-बीचा एक भाग) एसआयआरएनए, म्हणजे ते जनुक गप्प करणारा छोटा आरएनए, लावा, आणि नुसत्या डीएमएसओची प्लेट तर हवीच हवी.

पहिल्या चाचणीला माझ्याकडनं ४ स्टार. परत ऑर्डर दिलीय, यावेळी सोमवारीच पाठवा म्हणून सांगितलंय, रविवारी डबा कुठल्यातरी गोदामात तापत पडायला नको.