४८६ संगणकाची गळलेली बॅटरी : गोलाणी मार्केटमधील दुरुस्तीचा अनुभव

माझ्या वडिलांनी ज्या ४८६ (१९९०च्या दशकातल्या) संगणकावर अहिराणी शब्दांचा संग्रह केला, तो आमच्या अमळनेरच्या घरी अनेक वर्षे झाकून ठेवलेला होता. गेल्या दिवाळीत सुरू करून पाहिला, तेव्हा बॅटरी उतरल्याची सूचना आली, कीबोर्ड चालेना आणि हार्ड डिस्क तर त्याला सापडतच नव्हती. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता आली असती. परंतु सगळा संग्रह डॉस या जुन्या प्रणालीत, सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (पडद्यावर देवनागरी दाखवणारे कार्ड) टंकलेला आहे आणि त्या कार्डावाचून ‘आंडोर’, ‘आंडेर’ यांसारखे शब्द पडद्यावर निरर्थक चिन्हांत दिसतात. म्हणून तोच संगणक चालू होणे मला आवश्यक वाटत होते. एका दुकानात झाकणही न उघडता ‘भंगारात द्या’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर मी जळगावला गोलाणी मार्केटमधील या दुकानात आलो.

येथील कारागिरांनी मदरबोर्ड बाहेर काढून उजेडात धरला आणि मला जवळ बोलावून दाखवला. कीबोर्डच्या सॉकेटशेजारी निळ्या वेष्टणाची, लहानशा पिंपासारखी बॅटरी होती. तिच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली होती आणि खालच्या तांब्याच्या ट्रॅकवर हिरवट थर चढला होता. ही ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी, म्हणजे १.२ व्होल्टचे तीन सेल एकत्र. संगणक चालू असताना ती चार्ज होते, बंद असताना घड्याळ आणि सेटअपची माहिती, म्हणजे संगणकाला कोणते भाग जोडले आहेत याची नोंद, सांभाळते, आणि वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली की गळते. गळणारे द्रव्य आम्ल असावे असा माझा समज होता; प्रत्यक्षात ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या आपल्या खानदेशात बंद खोलीतल्या अशा बॅटरीचे आयुष्य आणखी घटते.

अल्कली असल्यामुळेच त्यांनी बॅटरी काढल्यावर ती जागा आधी व्हिनेगरने, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश फिरवून स्वच्छ केली. भुकटी पुसून लगेच नवी बॅटरी बसवली असती, तर थराखाली खाल्लेले दोन ट्रॅक कोणाच्याच लक्षात आले नसते. कीबोर्डचे दुखणे तिथेच होते. ते ट्रॅक बारीक तारेने, डाख देऊन जोडले आहेत आणि भिंगातून पाहिले तरी काम नीटनेटके दिसते.

नवा सेल निवडतानाही त्यांनी घाई केली नाही. सीआर २०३२ हा बटण सेल, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा लिथियम सेल, सर्वत्र मिळतो. पण तो चार्ज करायचा नसतो, आणि जुन्या मदरबोर्डचे सर्किट तर बॅटरीकडे चार्जिंगचा प्रवाह पाठवत राहते. तो प्रवाह अडवण्यासाठी त्यांनी मध्ये डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घातला. डायोडमुळे व्होल्टेज थोडे कमी होते, म्हणून तेवढ्यावर घड्याळ चालते की नाही हे दोन दिवस संगणक बंद ठेवून पाहिले. सेलचा होल्डर मदरबोर्डवर न बसवता तारेने लांब, कॅबिनेटच्या बाजूला लावला आहे. पुढे कधी सेल गळलाच, तर मदरबोर्डला धक्का लागणार नाही, हा विचार मला फार मोलाचा वाटला.

तक्रारी दोन आहेत. तीन दिवसांचे काम अकरा दिवसांवर गेले आणि त्याबद्दल एकदाही फोन आला नाही. ११०० रुपयांच्या बिलावर केवळ ‘बॅटरी बदलली’ एवढेच लिहिले आहे. डायोड आणि जोडलेले ट्रॅक यांची नोंद नाही. पुढे दुसऱ्या कोणी हा मदरबोर्ड हाती घेतला, तर त्याला ती नोंद लागेल.

जुना संगणक घेऊन जाणाऱ्यांनी हार्ड डिस्कचे आकडे (सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांची संख्या) आधी शोधून ठेवावेत. बॅटरी उतरली की सेटअपमधून तेही पुसले जातात. वडिलांच्या वहीत ते होते, म्हणून आमचे काम दहा मिनिटांत झाले. सेल बसवल्याची तारीख कारागिरांनी चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवली आहे. तिच्याखाली मी सेटअपमधला, आकडे आपण भरायचा प्रकार आणि ते आकडे लिहिले, ‘टाइप ४७ : १००१ सिलिंडर, १५ हेड, १७ सेक्टर’.