काळ्या गाडीला पहिल्यांदाच क्ले करताय? बार घ्यायचा का टॉवेल

गाडी धुतल्यावर पातळ पिशवीत हात घालून बॉनेटवरनं फिरवला अन् खरखर लागली की क्ले करायची, म्हणजे धुऊनही पेंटवर चिकटून राहिलेले कण चिकट क्लेनं ओढून काढायची वेळ आली, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढे. जुना गोळ्यासारखा क्ले बार घ्यायचा, का रबरासारखा थर लावलेला क्ले टॉवेल? (मिट म्हणून मिळतं ते पण टॉवेलचंच भावंड, वेगळं धरू नका.) पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवाल्यांनी यात डोकं घालायची गरज नाही, जे स्वस्त मिळेल ते घ्या. गाडी काळी, गडद निळी, डार्क ग्रे असेल तर मात्र जरा थांबा, आणि त्यातही मेटॅलिक नसलेला साधा सॉलिड ब्लॅक असेल तर जास्तच थांबा, कारण मेटॅलिकच्या चमकीत बारीक ओरखडे थोडे तरी लपतात, सॉलिड ब्लॅकमध्ये काहीच लपत नाही. मी दोन्ही वापरलंय, गाडी काळीच आहे, सोलापुरात विजापूर रोडला उघड्यावर उभी असते, त्या हिशोबानं वाचा.

आधी टॉवेलचं चांगलं सांगतो, कारण चांगलं आहेच. एक तर भराभर होतं, हातात धरायला सोपा, मळत बसायचं नाही. दुसरं म्हणजे हातातनं पडला तर बादलीत खळखळून धुवायचा अन् पुन्हा सुरू. बार पडला की विषय संपला, तो तुकडा सरळ कचऱ्यात, "वरवर पुसून घेतो" वगैरे चालत नाही, कारण खालची माती त्यात रुततेच आणि मग तुम्ही पॉलिश पेपर फिरवल्यासारखं काम करता. आपल्याकडची धूळ बघता हा टॉवेलचा मोठा प्लस पॉइंट आहे, मान्य. तिसरं ऊन. बार गरम पत्र्यावर मऊ पडतो, चिकटतो, पट्टे उठतात अन् ते काढताना जीव जातो. टॉवेल त्या मानानं सोशिक. टिकतोही जास्त.

एवढं सगळं असून मी बारकडे झुकलो. चादरी अन् टॉवेलच्या गावात राहून टॉवेलला नावं ठेवायची म्हणजे अवघडच आहे, दोन्हीला जीआय टॅग असलेलं आपलं गाव, पण काय करणार. (तो आपला टेरी टॉवेलपण काळ्या गाडीला लावू नका बरं का, अंग पुसायला एक नंबर, गाडी पुसायला मायक्रोफायबरच.)

तर माझी खरी कटकट एकच. टॉवेलवर घाण दिसत नाही. त्याचा थर बहुतेक वेळा काळा नाहीतर गडद निळा असतो, आणि तुम्ही पॅनलवरनं जो कण ओढून काढला तो कुठं गेला, थरात अडकून बसला का पाण्यात गेला, काही कळत नाही. बादलीत बुडवायचा, चोळायचा अन् झाला असेल स्वच्छ असं धरून चालायचं. आता गाडी पांढरी असती तर निदान पत्र्यावर तरी कण दिसले असते. रेल्वे लाईनच्या जवळ गाडी उभी राहिली की ब्रेकचा अन् चाकांचा जो लोखंडी चुरा येऊन बसतो, तो पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांसारखा दिसतो, काळ्यावर फक्त हाताला लागतो. म्हणजे पत्रा काळा, टॉवेल काळा, दोन्हीकडं अंधार. अडकलेला एखादा कण पुढचा अख्खा दरवाजा आपल्याबरोबर फिरत राहतो अन् तुम्हाला पत्ता नसतो.

बारचं तसं नाही. फिकट रंगाचा घेतला, पिवळट किंवा फिकट निळा, की चार-पाच हात मारले की उलटा करून बघायचा, तपकिरी रेघा दिसतात. दिसल्या की कणकेचा गोळा मळतात तसा आत दुमडायचा, नवा चेहरा बाहेर, पुढं चालू. प्रत्येक वेळी तुम्हाला माहीत असतं की आत्ता पत्र्याला काय लागतंय. आणि दोन-तीन बोटांखाली छोटा चपटा तुकडा असला की पत्रा कुठं अडतोय, कुठं सुटला, ते बोटांना कळतं, खरखरीचा आवाज कमी होत जातो तोही ऐकू येतो. टॉवेलवर पूर्ण तळहात असतो, नकळत वजन पडतं. नवख्या माणसाचं तर पडतंच.

मी काही मीटर लावून मोजलेलं नाही. सावलीत टॉवेलनं केलेली डिकी एकदम गुळगुळीत, मस्त वाटली, मग गाडी उन्हात काढली तर हात ज्या दिशेनं फिरला होता त्याच दिशेनं बारीक धुरकट जाळी. बारनं केलेल्या दरवाज्यावर पण टॉर्च मारून शोधल्यावर थोडं सापडलं, नाही म्हणणार नाही, ओरखडा अजिबात न उठवणारं क्ले अजून तरी मी बघितलं नाही, पण ते शोधावं लागलं, हे न शोधता दिसलं. माझा टॉवेल नवीन होता, आधी काचेवर घासून घेतला होता, शॅम्पूचं पाणी भरपूर होतं, तरी हे असं. तुमच्या कंपनीचा पेंट कडक असेल तर कदाचित एवढं जाणवणार नाही. आणि क्लेनंतर मशीननं पॉलिश करायचंच ठरलेलं असेल तर माझा सगळा मुद्दा बाद, ती जाळी तशीही निघणार, बिनधास्त टॉवेल घ्या, वेळ वाचवा. पण पहिल्यांदा करणाऱ्याकडं मशीन कुठनं असणार?

बारच्या अडचणींवर उपाय आहेत, ते सांगतो. अख्खी वडी हातात घेऊच नका, तीन-चार तुकडे करा, एक पडला तर एकच गेला. ग्रेड फाइनच, मीडियम काळ्या पेंटवर नको, दुकानदार कितीही "लवकर होईल" म्हणू दे. उन्हाचं तर आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ ला हा उद्योग करूच नये, बारनं पण नाही अन् टॉवेलनं पण नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, जानेवारीत, सकाळी सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करा. तेव्हा बार उलट कडक असतो, तर कोमट पाण्यात थोडा वेळ टाकून मऊ करून घ्यायचा. हात सरळ रेषेत, गोल गोल नाही, एका वेळी अर्धा दरवाजा. जोर लावावा लागतोय असं वाटलं की लुब्रिकंट, म्हणजे क्ले सरकायला मारतो ते शॅम्पूचं पाणी, कमी पडलंय असं समजा.

पाण्याचं मात्र बघा. नळाचं पाणी रोज येत नाही म्हणून आपण बोअरचं वापरतो, अन् ते काळ्या पत्र्यावर वाळलं की पांढरे डाग. म्हणून धुणं बोअरच्या पाण्यानं केलं तरी लुब्रिकंटसाठी शॅम्पू कालवायचा तो आरओच्या गाळलेल्या पाण्यात, स्प्रेची बाटली भरेल एवढंच लागतं. आरओचं बाहेर सोडलेलं पाणी नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. टॉवेल सारखा धुवायला बादल्या लागतात, बारला बाटलीत भागतं, हा पण एक छोटा मुद्दा बारच्या बाजूनं. जुने पाण्याचे डाग जे पेंटमध्ये उतरलेत ते क्लेनं निघत नाहीत, त्यासाठी बारला दोष देऊ नका, टॉवेललाही नको.

हायवेला जास्त फिरणं असेल तर डांबराचे ठिपके आधी टार रिमूव्हरनं काढा, आणि जमलं तर लोखंडी चुऱ्यासाठी आयर्न रिमूव्हर पण मारून घ्या, काळ्यावर त्याचा चुऱ्याला लागून येणारा जांभळा ओघळ नीट दिसत नाही म्हणून काम करत नाही असं समजू नका. जेवढं केमिकलनं जाईल तेवढं घासणं कमी. सगळं झाल्यावर आधीचं वॅक्स उतरलेलं असतं, तर त्याच दिवशी वॅक्स लावा, थोडं फिलर असलेलं मिळालं तर बारीक जाळी काही महिने झाकली जाते.

टॉवेल मी टाकून दिलेला नाही. काचांना अन् दरवाज्याखालच्या पट्टीला तोच वापरतो, तिथं कोण बघतंय.